बंगळुरूचा फुटबॉल संघ : काल किती बलवान, आज किती?

बंगळुरू : कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर १२ एप्रिल २०२५ च्या रात्री मोहन बागान सुपर जायंटने बंगळुरू एफसीचा २-१ असा पराभव करून इंडियन सुपर लीगचा करंडक जिंकला. बागानच्या बचावपटूकडून ४९ व्या मिनिटाला झालेल्या स्वयंगोलामुळे आघाडी बंगळुरूकडे आली होती. ७२ व्या मिनिटाला पेनल्टीवर बरोबरी झाली आणि अतिरिक्त वेळेत जेमी मॅक्लारेनने निर्णायक गोल केला. या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बंगळुरूची ही तिसरी हार होती. त्याआधी २०१८ मध्ये चेन्नईयिनने, तर २०२३ मध्ये एटीके मोहन बागानने त्यांना रोखले होते. एकमेव विजेतेपद २०१९ चे आहे.

या पराभवानंतर बंगळुरूच्या चाहत्यांमध्ये एक जुनी चर्चा पुन्हा सुरू झाली. २०१४, २०१६ आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील विजेतेपदे मिळवणारे तीन संघ आणि आताची फळी यांत अधिक सामर्थ्यवान कोण? हा प्रश्न वरकरणी क्रीडारसिकांच्या हौसेचा वाटतो. तथापि गेल्या काही काळात भारतीय फुटबॉलवर आलेले अनिश्चिततेचे सावट पाहता त्याचे उत्तर एका शहरापुरते मर्यादित राहत नाही. संघ कसा घडतो, तो किती काळ टिकतो आणि तो विस्कटतो तेव्हा नेमके काय हरवते, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

तुलना करताना एक खुलासा आवश्यक आहे. २०२५-२६ चा हंगाम मूळ वेळापत्रकानुसार सुरूच होऊ शकला नाही. तो १४ फेब्रुवारी २०२६ रोजी सुरू झाला आणि १४ संघांच्या एकेरी फेरीपुरता, म्हणजे ९१ सामन्यांपुरता आटोपशीर करण्यात आला. आखूड हंगामातील आकडे पूर्ण हंगामाच्या आकड्यांशेजारी ठेवणे न्याय्य ठरणार नाही. म्हणून या विवेचनात दुहेरी फेरीचा संपूर्ण हंगाम खेळलेला २०२४-२५ चा संघ 'आजची फळी' म्हणून गृहीत धरला आहे.

आकडे काय सांगतात?

संघाचे बळ मोजण्याचे सर्वांत साधे माप म्हणजे साखळीत प्रत्येक सामन्यामागे मिळवलेले सरासरी गुण. २०१३-१४ च्या आय-लीगमध्ये बंगळुरूने २४ सामन्यांत ४७ गुण मिळवले, सरासरी १.९६. २०१५-१६ मध्ये १६ सामन्यांत ३२ गुण, म्हणजे सरासरी बरोबर २. इंडियन सुपर लीगमधील पदार्पणात, २०१७-१८ मध्ये, संघाने १८ सामन्यांत ४० गुणांची कमाई केली, सरासरी २.२२. २०१८-१९ मध्ये १८ सामन्यांत ३४ गुण आणि सरासरी १.८९ होती.

यानंतरचा आलेख उतरता आहे. २०२३-२४ मध्ये २२ सामन्यांत केवळ २२ गुण मिळाले आणि संघ दहाव्या स्थानी घसरला. २०२४-२५ मध्ये २४ सामन्यांत ३८ गुणांसह तो तिसऱ्या स्थानी आला, सरासरी १.५८. त्याच हंगामात मोहन बागानने ५६ आणि एफसी गोवाने ४८ गुण मिळवले होते. दहाव्यावरून तिसऱ्या स्थानी आणि तेथून अंतिम फेरीपर्यंत घेतलेली झेप निश्चितच कौतुकास्पद होती. पण विजेत्या संघांच्या पंक्तीत बसण्यासाठी सरासरी दोनच्या आसपास असावी लागते आणि त्या मापाने ही फळी उणी पडते.

या आकड्यांना काही मर्यादाही आहेत. २०१३-१४ मध्ये संघाला चारच परदेशी खेळाडूंची मुभा होती आणि त्यांपैकी एक आशियाई असणे बंधनकारक होते. २०१८-१९ मध्ये एका वेळी पाच परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येत होते. २०२१-२२ पासून ही संख्या चारवर आली. याचा अर्थ असा, की आजच्या संघात सात भारतीय खेळाडूंना एकाच वेळी तोलामोलाची कामगिरी करावी लागते, तर २०१९ च्या संघाला अशा सहा खेळाडूंची गरज होती. शिवाय लीगमधील संघांची संख्याही वाढली आहे. त्यामुळे आकड्यांबरोबर संघाच्या रचनेकडेही पाहणे क्रमप्राप्त ठरते.

तीन विजेते, एक सूत्र

बंगळुरू एफसीची स्थापना जुलै २०१३ मध्ये जेएसडब्ल्यू उद्योगसमूहाने केली आणि दोन महिन्यांतच संघ आय-लीगच्या मैदानात उतरला. प्रशिक्षक ॲशले वेस्टवूड यांनी मोजक्या परदेशी खेळाडूंवर मदार ठेवली. इंग्लंडचा जॉन जॉन्सन आणि केनियाचा कर्टिस ओसानो बचावात होते, तर ऑस्ट्रेलियाचा शॉन रुनी आक्रमणात. सुनील छेत्री कर्णधार होता आणि त्याने त्या हंगामात १४ गोल केले. २१ एप्रिल २०१४ रोजी फातोर्डा येथे डेम्पोला ४-२ असे नमवून या नवख्या संघाने पहिल्याच प्रयत्नात विजेतेपद पटकावले.

दोन वर्षांनी, १७ एप्रिल २०१६ रोजी, श्री कंठीरव मैदानावर साळगावकरवर २-० असा विजय मिळवून याच संघाने दुसऱ्यांदा आय-लीग जिंकली. प्रशिक्षक तेच होते आणि जॉन्सन, ओसानो व छेत्री हा गाभाही तोच होता. त्याला युजेनसन लिंगडोह, सी. के. विनीत आणि गोलरक्षक अमरिंदर सिंग यांची जोड मिळाली. दोन विजेतेपदांच्या मधल्या वर्षी, ३१ मे २०१५ रोजी, मोहन बागानविरुद्ध अखेरच्या काही मिनिटांत गोल स्वीकारावा लागल्याने विजेतेपद थोडक्यात हुकले होते. म्हणजेच तीन वर्षांत दोन विजेतेपदे आणि एक उपविजेतेपद, अशी ही सातत्यपूर्ण कामगिरी होती.

वेस्टवूड यांच्यानंतर आलेल्या आल्बर्ट रोका यांनी संघाची खेळण्याची पद्धत बदलली, पण गाभा मोडला नाही. त्यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरूने गतविजेत्या मलेशियाच्या जोहोर दारुल ताझिमला उपान्त्य फेरीत हरवून एएफसी चषकाच्या अंतिम सामन्यात मजल मारली. असा पराक्रम करणारा तो पहिला भारतीय क्लब होता. दोहा येथे ५ नोव्हेंबर २०१६ रोजी झालेल्या त्या सामन्यात इराकच्या एअर फोर्स क्लबने त्यांना १-० असे हरवले.

२०१८ मध्ये रोका यांच्या जागी त्यांचेच सहायक कार्लेस क्वाद्रात आले. बचावातील युआनान २०१६ पासून संघात होता. मध्यफळीतील दिमास देल्गादो व एरिक पार्तालू आणि आघाडीचा मिकू हे २०१७ मध्ये आलेले होते. गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधूही त्याच वर्षी नॉर्वेहून परतला होता. उदांता सिंग आणि निशू कुमार हे तरुण खेळाडू याच क्लबमध्ये घडत होते. २०१८-१९ च्या साखळीत बंगळुरू आणि एफसी गोवा यांचे गुण समान, प्रत्येकी ३४ होते. परस्परांतील सामन्यांच्या निकालांवर बंगळुरूला अग्रस्थान मिळाले.

१७ मार्च २०१९ रोजी मुंबईत अंधेरी येथे झालेला त्या हंगामाचा अंतिम सामना मराठी रसिकांच्या विशेष स्मरणात आहे. अतिरिक्त वेळ संपत आली असताना, ११७ व्या मिनिटाला देल्गादोच्या कॉर्नर किकवर मुंबईकर राहुल भेकेने हेडरने गोल केला आणि गोव्याला १-० असे हरवून बंगळुरूने करंडक उंचावला.

या तिन्ही संघांत समान सूत्र शोधायचे झाले तर ते मोठ्या नावांचे नाही. गोलरक्षक, मधला बचावपटू, मध्यरक्षक आणि आघाडीपटू हा संघाचा कणा एकमेकांना ओळखत होता आणि प्रशिक्षकबदल होऊनही तो शाबूत राहिला, हे ते सूत्र होय. स्थापनेपासून जानेवारी २०२१ पर्यंतच्या साडेसात वर्षांत या क्लबने तीनच प्रशिक्षक पाहिले आणि त्यांतील तिसरे हे दुसऱ्याचे सहायक होते.

आजची फळी कोठे आहे?

व्यक्तिशः विचार केला तर २०२४-२५ चा संघ दुबळा मुळीच नव्हता. गुरप्रीत, भेके आणि छेत्री हे २०१९ च्या विजेत्या संघातील तिघेही त्यात होते. मधल्या काळात मुंबई सिटीकडे गेलेला भेके २०२४ मध्ये परतला होता. तेथे असताना एप्रिल २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबला पहिला विजय मिळवून देणारा गोल त्याने केला होता आणि तोही इराकच्या त्याच एअर फोर्स क्लबविरुद्ध. चिंगलेनसाना सिंग, रोशन सिंग, सुरेश वांगजम आणि निखिल पुजारी हे चौघे भारतीय संघाकडून खेळलेले. परदेशी खेळाडूंत आल्बर्टो नोगेरा, पेद्रो कापो, एडगर मेंडेझ, होर्हे पेरेरा दियाझ आणि रायन विल्यम्स अशी अनुभवी नावे होती. बाद फेरीत मुंबई सिटीचा ५-० असा धुव्वा उडवणारा संघ कमकुवत म्हणता येणार नाही.

मात्र कण्याच्या निकषावर चित्र वेगळे दिसते. नोगेरा, कापो, मेंडेझ आणि दियाझ हे चौघेही २०२४ मध्येच दाखल झाले होते. चिंगलेनसानाही त्याच वर्षी आला. मैदानावरील परस्परांची जाण, जी २०१९ च्या संघाला दोन-तीन वर्षांच्या सहवासातून मिळाली होती, ती या संघाला एका हंगामात कमवायची होती. प्रशिक्षकांबाबतही तेच. २०२१ नंतरच्या तीन वर्षांत मार्को पेझ्झायोली, सायमन ग्रेसन आणि जेरार्ड सारागोसा असे बदल होत गेले. ग्रेसन यांच्या काळात २०२२ चा ड्युरँड चषक मिळाला आणि २०२३ मध्ये लीगच्या व सुपर कपच्या अंतिम फेऱ्याही गाठल्या गेल्या. पण पुढच्याच हंगामात घसरण सुरू होताच, डिसेंबर २०२३ मध्ये, त्यांना जावे लागले. थोडक्यात सांगायचे तर जुने विजेते संघ वाढत गेले होते. नवा संघ जमवला गेला होता.

दुसरी उणीव वयाची. २०१९ च्या अंतिम सामन्याच्या वेळी गुरप्रीत २७, भेके २८ आणि छेत्री ३४ वर्षांचा होता. २०२५ च्या अंतिम सामन्यापर्यंत गुरप्रीत ३३, भेके ३४ आणि छेत्री ४० वर्षांचा झाला. विजेत्या संघाचा वारसा टिकला खरा, पण तो त्याच माणसांच्या खांद्यांवर टिकला.

चौदा गोलांचे कोडे

या संदर्भात एक आकडा विचार करायला लावणारा आहे. २०१३-१४ च्या आय-लीगमध्ये छेत्रीने १४ गोल केले होते. २०१७-१८ च्या इंडियन सुपर लीगमध्येही त्याचे गोल १४ होते. आणि २०२४-२५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्याने पुन्हा १४ गोल केले. त्या हंगामात भारतीय खेळाडूंमध्ये सर्वाधिक गोल त्याचेच होते. गोव्यातील उपान्त्य सामन्याच्या भरपाई वेळेत हेडरने गोल करून संघाला अंतिम फेरीत नेणाराही तोच होता.

एका खेळाडूच्या दृष्टीने हे अलौकिक सातत्य आहे. संघाच्या दृष्टीने मात्र ही धोक्याची सूचना ठरते. २०१७-१८ मध्ये छेत्रीच्या १४ गोलांशेजारी मिकूचे १५ गोल होते आणि बाजूने उदांता वेगाने पुढे येत होता. अकरा वर्षांनंतरही गोलांसाठी त्याच खेळाडूकडे पाहावे लागत असेल, तर मधल्या काळात त्याचा वारसदार तयार झाला नाही, असाच त्याचा अर्थ होतो. छेत्रीने जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती घेतली आणि मार्च २०२५ मध्ये त्याला राष्ट्रीय संघासाठी पुन्हा मैदानात उतरावे लागले. यावरून ही अडचण बंगळुरूची एकट्याची नाही, हे लक्षात यावे.

आशेच्या खुणाही आहेत. तमिळनाडूचा शिवशक्ती नारायणन २०२२-२३ च्या हंगामात स्पर्धेतील उदयोन्मुख खेळाडू ठरला होता. बंगळुरूच्याच विनीत व्यंकटेशने सप्टेंबर २०२४ मध्ये ईस्ट बंगालविरुद्धच्या सलामीच्या सामन्यात विजयी गोल केला, तेव्हा तो अवघा १९ वर्षांचा होता. रायन विल्यम्सने नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय नागरिकत्व स्वीकारले. आईकडून त्याचे नाते मुंबईशी आहे. बंगळुरूकडून खेळताना त्याची गणना आता परदेशी खेळाडूंत होत नाही आणि ही संघासाठी जमेची बाजू आहे.

या शहराला गुणवत्तेची कमतरता कधीच भासली नाही. रोव्हर्स चषक मुंबईबाहेर नेणाऱ्या बंगलोर मुस्लिम्स संघाने १९३७ आणि १९३८ मध्ये सलग दोन वर्षे तो जिंकला होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा गोल करणारा सारंगपाणी रामन याच शहराचा. तत्कालीन म्हैसूर राज्याने संतोष करंडक चार वेळा जिंकला आणि ५४ वर्षांच्या खंडानंतर मार्च २०२३ मध्ये कर्नाटकाने रियाध येथे मेघालयाला ३-२ असे हरवून तो पुन्हा मिळवला. प्रश्न गुणवत्तेचा नसून ती जोपासणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

मैदानाबाहेरचे संकट

त्या व्यवस्थेलाच २०२५ मध्ये तडा गेला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीगचे आयोजन करणारी कंपनी यांच्यातील पंधरा वर्षांच्या कराराची मुदत ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार होती. नव्या कराराबाबत निर्णय होत नसल्याने ११ जुलै २०२५ रोजी हंगाम स्थगित ठेवण्यात आला. ३ ऑगस्ट रोजी छेत्रीने ४१ वर्षे पूर्ण केली आणि दुसऱ्याच दिवशी क्लबने पहिल्या संघातील खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचे जाहीर केले. युवा संघ आणि फुटबॉल शाळा मात्र या निर्णयातून वगळण्यात आल्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील सुपर कपमध्ये पंजाब एफसीविरुद्धचा निर्णायक सामना गोलशून्य राहिला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये मागे पडल्याने बंगळुरूचे आव्हान गटातच संपले.

या पार्श्वभूमीवर जुन्या आणि नव्या संघांची तुलना वेगळाच अर्थ घेते. २०१४ किंवा २०१९ च्या खेळाडूला पुढचा हंगाम केव्हा सुरू होणार, याची चिंता नव्हती. दोन-तीन वर्षांचा करार करून एकत्र घडण्याची संधी त्याला होती. ज्या लीगचे वेळापत्रकच अनिश्चित आहे, तेथे कोणता क्लब दीर्घकाळाचा संघ बांधणार आणि कोणता खेळाडू तेथे मुक्काम करणार?

ही भीती काल्पनिक नाही. २०१४ मध्ये ज्या डेम्पोला हरवून बंगळुरूने पहिले विजेतेपद मिळवले, तो पाच वेळचा राष्ट्रीय विजेता क्लब २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला आणि २०२४-२५ मध्येच आय-लीगमध्ये परत दिसला. २०१६ मध्ये ज्या साळगावकरला हरवून दुसरे विजेतेपद मिळाले, त्यानेही त्याच वर्षी माघार घेतली. महाराष्ट्राचा अनुभव तर याहून कटू आहे. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये विसर्जित झाला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला. हे संघ मैदानावर कमी पडले म्हणून गेले नाहीत. राष्ट्रीय स्पर्धेचे स्वरूप आणि अर्थकारण त्यांना पेलले नाही. संघ गेला की त्याच्याबरोबर प्रशिक्षक, युवा केंद्रे आणि त्या परिसरातील मुलांचे स्वप्नही जाते.

निष्कर्ष

नावांच्या यादीनुसार २०२४-२५ चा बंगळुरू संघ २०१४ च्या संघाहून श्रीमंत आणि २०१९ च्या संघाच्या जवळ जाणारा होता. गुणांच्या मापाने तो तिन्ही विजेत्यांच्या मागे होता. एकत्र घालवलेल्या काळाच्या मापाने तो आणखी मागे होता आणि करंडक बहुधा याच अंतरामुळे हुकला. हे अंतर एखादा महागडा आघाडीपटू आणून भरून निघणारे नाही. स्थिर लीग, मुदत पूर्ण करणारा प्रशिक्षक आणि युवा संघातून वर येणाऱ्या खेळाडूला मिळणारी पुरेशी मिनिटे यांनीच ते भरून काढता येईल.

वेतन थांबवतानाही क्लबने युवा संघ चालू ठेवले, ही या साऱ्या घडामोडींतील सर्वांत महत्त्वाची बाब म्हणावी लागेल. बंगळुरूच्या पुढील विजेत्या संघाचा कणा तेथूनच यायचा आहे. तो तयार होईपर्यंत खेळायला लीग शिल्लक ठेवण्याची जबाबदारी मात्र क्लबची एकट्याची नाही. ती महासंघाची, आयोजकांची आणि क्रीडा प्रशासनाचीही आहे.